रात्री राक्षस होतो, हे घरी कुणालाच माहीत नाही

पत्राचा सारांश असा. वाचक सिंधुदुर्गातले, पस्तिशीच्या आतले, दिवसा एका पतसंस्थेत कॅशियर. लग्न ठरताना बायकोची एकच अट होती, नाटकात काम करणारा नवरा नको. तिच्या सख्ख्या काकांनी दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रांमधल्या रात्रभराच्या पौराणिक नाटकांत, काम करता करता दारूपायी घर धुळीला मिळवलेलं तिने लहानपणी बघितलंय. यांनी तेव्हा हो म्हटलं आणि काम सोडलंही. मग एका जत्रेला ओळखीच्या दशावतार कंपनीतला राक्षसपार्टवाला आजारी पडला, हे त्याच्या जागी उभे राहिले, आणि तेव्हापासून दर सीझनला उभे राहतातच. कंपनी शेजारच्या तालुक्यातली, बोर्डावर नाव वेगळं, तोंडावर इतका रंग की ओळख पटत नाही. घरी सांगितलंय की मंडपवाल्याकडे रात्री लाइट-माइकचं काम करतो. पतसंस्थेत काउंटरपलीकडून लोक यांनाच विचारतात, "कालचो राकस बघलंस काय? काय आराडलो!" आणि हे खाली बघून नोटा मोजत राहतात.

या सीझनला दोन गोष्टी घडल्या. एका रात्री युद्धाच्या वेळी यांनी लाकडी तलवार राजाच्या खांद्यावर खरोखर हाणली. चुकून लागली नाही, मारली. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, कुणीतरी बक्षीस पुकारलं, आणि यांनी लिहिलंय, "त्याला लागलं तेव्हा मला बरं वाटलं." राजपार्टवाला अजून समजतो की तो अपघात होता. पुढच्या आठवड्यात रात्रभर नाटक करून सकाळी घरी आल्यावर सहा वर्षांच्या मुलीच्या हातून दूध सांडलं, आणि यांच्या तोंडून राक्षसाची आरोळी गेली, जशी मागच्या रांगेपर्यंत जायला पाहिजे तशी, बारा बाय बाराच्या खोलीत. मुलगी दाराआड गेली, तिची चड्डी ओली झाली. आता ती बाबा घरात असला की आईचा पदर सोडत नाही. यांचा प्रश्न असा: "मी आतून राक्षसच आहे आणि माणसाचं सोंग दिवसा करतो, असं वाटायला लागलंय. काम सोडलं की हे जाईल का? बायकोला न सांगता सोडावं की कसं?"

---

तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं. तुम्ही काही लपवून लिहिलेलं नाही, "बरं वाटलं" हे सुद्धा लिहिलंत, ते लिहायला धीर लागतो, म्हणून मी पण गुळमुळीत काही न सांगता सरळच बोलते.

पहिली गोष्ट, खांद्यावरचा फटका आणि घरातली आरोळी या दोन्हीचा दोष तुम्ही राक्षसावर टाकलाय. त्याने मारलं, तो बाहेर आला, तो आतच बसलेला असतो. आपल्याकडे असं बोलायची सवय आहे, अंगात आलं की माणूस जबाबदार राहत नाही असं आपण मानतो, आणि वेष चढवल्यावर वेषाने केलं असंही मानतो. पण मला वाटतं तुम्ही बिचाऱ्या राक्षसावर अन्याय करताय, कारण तो तर तुमच्यातला सगळ्यात शिस्तीचा माणूस आहे.

जरा आठवून बघा तुम्ही रात्री काय करता. देवळाच्या बाजूला कुठेतरी स्वतःची ट्रंक उघडायची, झाकणाला छोटा आरसा टेकवायचा आणि स्वतःचं तोंड स्वतः रंगवायचं, दशावतारात मेकअपमन नसतोच. मग आत आरोळी द्यायची, बाहेर पखवाज आणि झांज चढत जाते, आणि तुम्ही येता. पुढे चटईवर पोरं बसलेली असतात, त्यातलं एखादं फारच घाबरलं तर तुम्ही दिशा बदलता, हे मी कितीतरी राक्षसपार्टवाल्यांना करताना बघितलंय आणि तुम्हीही करत असणार. युद्धात तलवार जोरात येते आणि समोरच्याच्या अंगापासून वीतभर आधी थांबते, तीही तालात. आणि शेवटी, कितीही टाळ्या मिळोत, पब्लिक कितीही तुमच्या बाजूने असो, तुम्ही वेळेवर मरता. देवाच्या हातून पडायचं म्हणजे पडायचं. एवढा ताबा राजालाही ठेवावा लागत नाही, त्याचं काम शोभून दिसण्याचं असतं, धोक्याचं काम तुमचं.

म्हणजे थांबायचं कसं हे तुम्हाला येतं. रात्ररात्र तेच करता. मग त्या रात्री तलवार का नाही थांबली आणि घरी आवाज का नाही थांबला, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर "मी आतून राक्षस आहे" असं देऊन टाकलं की पुढे शोधायचं काही राहतच नाही. ते उत्तर भयंकर वाटतं खरं, पण आहे सोपं. राक्षसाला काही बदलायला लागत नाही.

आता तुमच्या कामाचीच एक गोष्ट, जी तुम्हाला इतकी अंगवळणी पडलीय की तिचा विचार केला नसेल. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं हे ठरतं, कोण कुठला पार्ट करणार ते ठरतं, कथा सगळ्यांना माहीत असते, आणि वाक्यं ज्याची त्याने तिथे उभ्या उभ्या आणायची. दिग्दर्शक बाहेर बसून बघत नाही, महिनाभर तालीम नाही. दुसऱ्या नाटकात नटाला चिडायचं असेल तर लेखकाने राग लिहून दिलेला असतो, त्याला तो फक्त उचलायचा असतो. तुम्हाला राग स्वतःच्या घरून आणावा लागतो. रात्री अडीच वाजता राजाला "तू कोण मला सांगणारा" म्हणताना ते वाक्य कुठून येतं? दिवसभरात कुणाला तरी जे म्हणायचं होतं आणि म्हटलं नाही तिथूनच बहुतेक. साहेब, कर्जाचा हप्ता बुडवून वर तुम्हालाच दरडावणारा सभासद, सासरची माणसं. त्या रात्री तलवार मारलीत तो राजपार्टवाला तुम्हाला नक्की कुणासारखा वाटत होता? की त्याच्याशीच काही आहे, तुमच्या वाक्यावर तो वाक्य टाकतो, तुमची टाळी खातो? पत्रात त्याच्याबद्दल एक अक्षर नाही, तो कोण, कसा, काही नाही. हे मला खटकलं. ज्याला मारलं त्याच्याबद्दल आपण काहीच लिहीत नाही तेव्हा तिथे काहीतरी असतं.

याने राग वाईट ठरत नाही हां. नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात रौद्र रसाचं सांगताना भरतमुनी म्हणतात की हा राक्षस, दानव आणि उद्धट माणसांच्या स्वभावातला, आणि मग लगेच स्वतःच शंका काढतात की मग बाकीच्यांना रौद्र नसतो का, आणि उत्तर देतात की असतो, बाकीच्यांनाही असतो, राक्षसांचा तो खास प्रांत एवढंच. इतक्या जुन्या काळी हे कुणीतरी स्पष्ट लिहून ठेवलंय की राग राक्षसाच्या एकट्याच्या मालकीचा नाही. तुमच्यात तो आहे, माझ्यात आहे, तुमच्या बायकोतही आहे. तुम्ही तो रंगवून चारशे लोकांसमोर उभा करू शकता, आम्ही नाही करू शकत, फरक एवढाच. आणि दशावतारात तर परंपरेने पूर्वरंगातच, म्हणजे मुख्य कथेआधीच्या भागात, संकासुर येतो, वेद पळवतो, त्याला विष्णू मारतो आणि मगच पुढचं आख्यान. असुराशिवाय खेळ उभाच राहत नाही हे सगळ्या जत्रेला मान्य आहे.

आता मी तुम्हाला एक अवघड प्रश्न विचारते. पतसंस्थेत मॅनेजर चारचौघांत बोलला तेव्हा ती आरोळी गेली का कधी तुमच्या तोंडून? कंपनीच्या मालकांनी नाइट, म्हणजे रात्रीच्या खेळाचे पैसे, कमी दिली तेव्हा? तुमच्या सासऱ्यांसमोर? नसणारच गेली. म्हणजे जो राक्षस आवरतच नाही असं तुम्ही म्हणताय त्याला माणसं बरोबर ओळखता येतात. जो उलटून काही करू शकतो त्याच्यासमोर तो गप्प असतो आणि सहा वर्षांच्या पोरीसमोर बाहेर येतो. राजपार्टवालाही बघा, तो त्या क्षणी भूमिकेत अडकलेला, पब्लिकसमोर, उलट हात उगारू शकत नव्हता. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण मला यातच आशा दिसते. जी गोष्ट साहेबासमोर आवरते ती घरीही आवरता येते. ताबा सुटला नव्हता, तिथे ताबा ठेवायची गरज वाटली नव्हती. घरी उशी भिजवणाऱ्या कितीतरी बायका मला लिहितात की "त्यांचा राग भयंकर आहे हो, त्यांनाच आवरत नाही", आणि मी दर वेळी त्यांना हेच विचारते, ऑफिसात आवरतो ना?

हे झालं कडू. आता दुसरी बाजू, कारण सगळं मनावर ढकलणंही खरं नाही.

तुम्ही झोपता कधी? पत्रातून मी जोडून बघितलं. रात्री दहा-अकराला सुरू होणारं नाटक, पहाटे दहीकाला, मग रंग काढायचा, सामान आवरायचं, बाईकवरून दुसऱ्या तालुक्यातून घरी, आंघोळ, आणि दहाला काउंटरवर. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात त्या पाऊस येईपर्यंत हे चालतं. म्हणजे जत्रांच्या दिवसांत ओळीने कितीतरी रात्री तुम्ही दोन-तीन तासांच्या झोपेवर काढताय. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते. ती सतत मिळाली नाही की सगळ्यात आधी जातो तो संयम, ताकद नंतर जाते. बारीक आवाज खुपतो, सांडलेलं दूध म्हणजे कुणीतरी मुद्दाम केल्यासारखं वाटतं. शिवाय रात्रभर तुम्ही चिडलेल्या माणसाचं शरीर वापरलेलं असतं, छाती धडधडते ती खरीच धडधडते, श्वास खरा चढतो, मूठ खरी आवळते, नाटक आहे हे शरीराला कोण सांगणार. ते उतरायला वेळ लागतो आणि तुम्ही तो वेळ बाईकवर घालवता. (त्या बाईकबद्दलही सांगते, पहाटे झोपेत गाडी चालवणं हा या सगळ्या पत्रातला सगळ्यात जीवघेणा भाग आहे आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलाय. कंपनीच्या गाडीतून या, नाहीतर तिथेच दोन तास पडा आणि मग निघा.)

आणि तिसरं ओझं गुपिताचं. तुम्हाला वाटतं गुपित वेगळं आणि राग वेगळा. मला नाही तसं वाटत. जुनी माणसं दशावतारी नटाबद्दल म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यार बोजा. रात्री मुकुट आणि सकाळी शेतात नाहीतर हमालीला, हे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय आणि त्या माणसांनी ते निभावलं, कारण घरी पोचल्यावर कुणीतरी विचारायचं, काल कसा झाला, पायाला काय लागलं, कुठली जत्रा. उतरायला जागा होती त्यांना. तुम्हाला ती नाही. तुम्ही घरात शिरता तेच दुसरं सोंग घेऊन, लाइटवाल्याचं, कानामागचा रंग नीट निघाला ना याची धास्ती घेऊन. खांद्यावर वळ असेल तर "स्टँड पडला" सांगायचं. काउंटरवर कौतुक ऐकायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. चोवीस तासांत तुम्ही तुम्ही असता कधी? मला तर वाटतं फक्त ट्रंकेसमोर अर्धं तोंड रंगवून बसलेले असता तेव्हाच असाल. अशात माणसाला वाटायला लागतंच की रंग लावलेला तोच मी खरा, कारण त्यालाच कुणीतरी बघतंय, त्याच्याच नावाने शिट्टी वाजतेय. म्हणून "माणसाचं सोंग दिवसा करतो" हे तुमचं वाक्य मला समजतं, पण पटत नाही. दिवसाचा माणूस खोटा वाटतो कारण तुम्ही त्याला खोटं बोलायला लावलंय. तो मुळात खोटा नाही.

"बरं वाटलं" याबद्दल. घाबरू नका, पण हलकंही घेऊ नका. दिवसभर "हो साहेब, करतो साहेब" म्हणणाऱ्या माणसाला एका फटक्याने चारशे लोक उठून बसतात तेव्हा बरं वाटणारच, ती सत्तेची चव आहे. चव लागली म्हणून माणूस राक्षस होत नाही. पण नंतर वाईट वाटलं म्हणून माणूस सुटतही नाही, हे लक्षात ठेवा. मारणाऱ्या कितीतरी माणसांना नंतर वाईट वाटतं, रडतात, पाया पडतात आणि परत मारतात. वाईट वाटणं ही सुरुवात झाली, पुढे काय करता त्यावर आहे.

तर काय करायचं.

आधी मुलगी, आजच. तिच्याशी बोलायला गुपित फोडायची गरज नाही. खाली बसा, तिच्या उंचीवर, अंतर ठेवून, तिला ओढून मांडीवर घेऊ नका. आणि एवढंच म्हणा: "मी फार मोठ्याने ओरडलो. तुझी काही चूक नव्हती. दूध सांडतं. मी असं परत ओरडणार नाही." बस. "बाबा दमला होता गं" नको, "तू पण जरा बघून धरायचं ना" तर अजिबातच नको. चॉकलेट नको. ती काही बोलली नाही, आईकडे पळाली, तर जाऊ द्या. पोरं शब्दावर नाही, पुढच्या खूप सकाळींवर विश्वास ठेवतात, तेव्हा वेळ लागेल. आणि तो आवाज, राक्षसाचा, घरात कायमचा बंद. गंमत म्हणूनसुद्धा नाही, कितीही वर्षांनी ती स्वतः "करून दाखवा" म्हणाली तर तेव्हा बघू.

मग बायको. याच आठवड्यात, सीझन संपायची वाट बघू नका. तुम्ही विचारलंय की न सांगता सोडून दिलं तर चालेल का. मी या पर्यायाचा खरंच विचार केला, कारण वरवर त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पण तुम्ही एकदा असंच सोडलं होतं ना, आणि पहिल्या बोलावण्याला उभे राहिलात. आत्ता सोडाल ते लाजेपोटी सोडाल, दोन पावसाळे गेले की लाज विसरेल आणि पखवाजाचा आवाज ऐकू येईल. शिवाय तुमच्या जिल्ह्यात हे लपून राहणार नाही, आजच्या काळात तर नाहीच, प्रत्येक जत्रेत पन्नास मोबाइल वर असतात, कुणीतरी व्हिडिओ टाकणार आणि तिची बहीण तो बघणार. तिला तुमच्या तोंडून कळावं एवढा तिचा हक्क आहे.

सांगताना कलेपासून सुरुवात करू नका. "माझी कला, माझा श्वास" हे तिने काकांच्या तोंडूनही ऐकलं असेल. सुरुवात इथून करा की मी तुला शब्द दिला होता आणि तो मोडला, आणि चार सीझन की जेवढे काय असतील तेवढे खोटं बोललो. मग मुलीची ती सकाळ कुठून आली ते. मग पैशाचं, नाइट किती मिळते, बक्षीस किती, कुठे ठेवले, वहीच पुढे ठेवा, तुम्ही कॅशियर आहात, तुम्हाला हे जमेल. आणि मग गप्प बसा. ती रडेल, चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही, माहेरी जाईन म्हणेल. तिला समजवायला जाऊ नका. ती नाटकाला घाबरत नाही हो, ती घाबरते ते दारू, रात्र-रात्र गायब असणं, खोटं आणि घरात चढलेला आवाज यांना, आणि दारू सोडली तर बाकी तिन्ही गोष्टी तुम्ही तिच्या घरात आणल्यात. तुम्ही पीत नाही असं लिहिलंय ते मी खरं धरते, पण तिच्या नजरेतून बघा. काकांचीच गोष्ट परत चालू झालीय असं तिला वाटलं तर ते चुकीचं म्हणता येणार नाही.

मुलीला यात साक्षीदार करू नका, "आईला सांगू नको" तर कधीच नाही.

कामाचं म्हणाल तर, एकदम सोडा असं मी म्हणणार नाही आणि आहे तसं चालू ठेवा असंही नाही. माझं मत, निदान या सीझनपुरता राक्षसपार्ट खाली ठेवा. कंपनीच्या मालकांना स्पष्ट सांगा की काही दिवस मला दुसरा पार्ट द्या, ऋषी द्या, प्रधान द्या, नाहीतर पूर्वरंगातलं काही द्या. कारण सांगायला लाजू नका, हातावरचा ताबा गेला होता एवढं पुरे, जुने मालक असतील तर त्यांनी हे आधी बघितलेलं असेल. आठवड्यात किती नाइट घ्यायच्या यालाही मर्यादा घाला, दुसऱ्या दिवशी काउंटर आहे तर आदल्या रात्री नाटक नाही, किंवा मग रजा टाका, पण दोन्ही नाही. यात पैसे कमी होतील, मान्य.

आणि परत राक्षसपार्ट घ्याल तेव्हा काही गोष्टी ठरवून घ्या. युद्धाआधी समोरच्याशी दोन मिनिटं बोलायचं, कुठून वार, किती, कुठे थांबायचं, आणि "बस" म्हणायची एक खूण, मांडीवर दोनदा हात मारला की थांबायचं असली काहीतरी, जी पब्लिकला कळणार नाही. दशावतारात सगळं आयत्या वेळचं असतं आणि त्यातच मजा असते हे मला कळतं, पण वाक्य आयत्या वेळचं असू दे, वार नको. ज्या माणसावर खरा राग आहे त्याच्याबरोबर त्या रात्री युद्ध घ्यायचं नाही, आख्यान बदला. आणि खेळ झाल्यावर रंग घाईने फडक्याने खरवडून बाईकला किक मारायची नाही. खोबरेल लावा, हळू काढा, पाणी प्या, अर्धा तास पेटीवाल्याशी, पखवाजवाल्याशी घरच्यासारखं काही बोला, तुमच्या खऱ्या नावाने हाक मारून घ्या. साधं वाटतं, पण शरीराला खाली यायला हाच वेळ लागतो. घरी पोचल्यावर पहिली दोन तास झोप, मग माणसं. घरच्यांना हे ठरवून सांगता येईल, पण त्यासाठी आधी त्यांना खरं माहीत पाहिजे, म्हणजे परत तिथेच आलो.

कुठे मदत घ्यायची तेही सांगते. नाटक नसलेल्या दिवसांतही राग असाच येत असेल, बायकोवर किंवा मुलीवर हात उचलला असेल किंवा उचलावासा वाटत असेल, कुणाला लागल्यावर बरं वाटणं परत परत होत असेल, झोप मिळूनही डोकं शांत होत नसेल, तर हे एकट्याने आवरायचं काम नाही. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. समोरासमोर बसायचं असेल तर ओरोसला सरकारी रुग्णालयात विचारा. आणि ज्या बहिणी हे दुसऱ्या बाजूने वाचतायत, ज्यांच्या घरी रंग न लावता आरोळी येते आणि हातही येतो, त्यांच्यासाठी महिला हेल्पलाइन 181 आहे. नवऱ्याची झोप झाली नाही, कामाचा ताण आहे, हे सगळं मी वर लिहिलं ते त्याला स्वतःला दुरुस्त करायला लिहिलंय, तुम्ही सोसायला नाही.

दशावतार सोडा, पण या पत्रासारखी पत्रं मला वेगळ्याच लोकांकडूनही येतात. खोट्या नावाचं अकाउंट काढून रात्री लोकांना अद्वातद्वा बोलणारा शिक्षक, गेम खेळताना दुसऱ्याच नावाने पोरांना रडवणारी कॉलेजची मुलगी. सगळ्यांचा प्रश्न हाच, त्यातला खरा मी कोण. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं की आधी हे बघा, त्या नावाने जे करता ते स्वतःच्या नावाने, ज्याला करताय त्याच्या तोंडावर कराल का. तुमच्या बाबतीत उत्तर छान आहे. राक्षसपार्ट तुम्ही स्वतःच्या नावाने, बोर्डावर खरं नाव लावून, बायको पुढच्या रांगेत बसलेली असताना सुद्धा करू शकता, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फटका आणि ती सकाळ मात्र नाही करू शकणार. बघा, कुठली गोष्ट ठेवायची आणि कुठली टाकायची ते इथेच वेगळं झालं.

बायको शेवटी "सोडा" म्हणाली तर? हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तीच भीती आहे. तर मला वाटतं काही काळ खरंच सोडावं लागेल. कायमचं की काही काळ ते तेव्हा ठरवू नका, आणि तिच्याकडून लगेच हो काढून घ्यायचा प्रयत्नही करू नका. शब्द तुम्ही मोडलाय, तो परत उभा करायची किंमत तुम्हीच द्यायची. एक पावसाळा असाही कंपन्या बंदच असतात. त्या महिन्यांत तुम्ही रात्री घरी आहात, खोटं बोलत नाही, आवाज चढत नाही, हे तिने बघितलं तर पुढच्या दिवाळीनंतर बोलणं वेगळं होऊ शकेल, होईलच असं मी सांगत नाही. आणि कधी तिला वाटलं तर तिला आणि मुलीला दिवसाउजेडी तोंड रंगवताना बघायला बसवा, कोऱ्या चेहऱ्यापासून. मुलीने "बाबा, आता पुसा" म्हटलं की त्या क्षणी पुसायचं. मात्र हे त्यांनी म्हटलं तर, तुमच्या हौसेसाठी नाही.

राहिला राजपार्टवाला. त्याला फोन करू नका, जाऊन भेटा. सांगा की अपघात नव्हता, मी मारलं. तो चिडला तर ऐकून घ्या, परत तुमच्यासमोर उभा राहणार नाही म्हणाला तर तेही मान्य करा. आणि खांदा अजून दुखतोय का विचारा, लाकडी तलवारीचा नेमका हाडावर बसलेला मार दिसतो त्यापेक्षा जास्त असू शकतो. दुखत असेल तर डॉक्टरकडे घेऊन जा, एक्स-रे काढा, खर्च तुम्ही द्या. त्या रात्रीचं बक्षीस अजून तुमच्याकडे असेल तर त्यातूनच द्या.